न केलेल्या गुन्ह्याचं प्रायश्चित्त



नाताळ तोंडावर आलाय. त्या निमित्तानं एका जुन्या नाताळ अंकातली गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इअर राउंड’ या साप्ताहिकाचा दर नाताळात एक जादा अंक निघायचा आणि घरोघरी तो मोठ्यानं वाचला जायचा. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नियतकालिकांचे असेच नाताळ अंक त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

मी सांगतो आहे तो अंक 1867 सालचा, डिकन्सच्या साप्ताहिकाचा शेवटचा नाताळ अंक. त्यात एकच लघुकादंबरी होती, ‘नो थरोफेअर’. लंडनच्या बंद गल्ल्यांच्या तोंडाशी ‘पुढे रस्ता नाही’ अशी पाटी असते, तीच या गोष्टीचं नाव झाली आहे. ती दोघांनी मिळून लिहिली, डिकन्सनं आणि रहस्यकथेत मुरलेल्या विल्की कॉलिन्सनं. नाटकासारखे तिचे अंक पाडले आहेत, आणि त्याच वर्षी 26 डिसेंबरला अडेल्फी थिएटरात तिचं नाटकही लागलं. डिकन्स तेव्हा जाहीर वाचनांसाठी अमेरिकेत होता.

त्या काळच्या नाताळच्या गोष्टींची एक रीत होती. माणूस चुकतो, त्याला आपली चूक दिसते, तो सुधारतो आणि सगळे मिळून जेवायला बसतात. डिकन्सनंच 1843 मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरल’मधून ती रूढ केली होती. कंजूष स्क्रूज एका रात्रीत बदलतो आणि सकाळी गरीब कारकुनाच्या घरी भलीमोठी टर्की धाडतो. चोवीस वर्षांनी डिकन्स नाताळासाठीच पुन्हा अपराध आणि प्रायश्चित्ताची गोष्ट लिहायला बसला. या वेळी ज्यानं गुन्हा केला तो प्रायश्चित्त घेतच नाही. जो घेतो, त्यानं काहीच केलेलं नाही. ही उलटापालट कशी घडते, तेच आज सांगायचं आहे.

गोष्ट सुरू होते 30 नोव्हेंबर 1835 च्या रात्री, लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर. ही संस्था खरीखुरी होती. नावात हॉस्पिटल असलं तरी ते दवाखाना नव्हतं, आईबापांना सांभाळता न येणाऱ्या मुलांना वाढवणारं ते बालगृह होतं. थॉमस कोरम नावाच्या जहाजाच्या कप्तानानं वर्षानुवर्षं खटपट करून 1739 मध्ये त्यासाठी राजाची सनद मिळवली. सुरुवातीच्या काळात मूल सोडून जाणारी आई त्याच्याबरोबर एखादी खूण ठेवायची, कापडाचा तुकडा, रिबीन, अर्धं नाणं. कधीकाळी परत आलो तर ओळख पटावी म्हणून. एकोणिसाव्या शतकात तिथं प्रामुख्यानं अविवाहित आयांची मुलं घेतली जात. मूल आत गेलं की त्याचा नव्यानं बाप्तिस्मा व्हायचा, त्याला नवं नाव मिळायचं आणि आधीची ओळख पुसली जायची. डिकन्स 1837 ते 1839 या काळात डौटी स्ट्रीटवर, या संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. आपण कशाबद्दल लिहितोय, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

तर त्या रात्री बुरख्यातली एक बाई फाटकातून बाहेर पडणाऱ्या सॅली नावाच्या तरुण दाईला गाठते. माझ्या बाळाला काय नाव दिलंत, एवढंच सांग, अशी विनवणी करते. सांगायला मनाई असते. सॅलीचं मन द्रवतं आणि ती नाव सांगते: वॉल्टर वाइल्डिंग.

पुढचा प्रसंग बारा वर्षांनंतरचा, ऑक्टोबर 1847 मधला. बालगृहातल्या मुलांचं रविवारचं जेवण पाहायला लंडनचे लोक येत, ही प्रथाही खरी. मुलं लांबलचक टेबलांशी ओळीनं बसली आहेत, पाहुणे मधून हिंडताहेत. तीच बाई आता पाहुण्यांमध्ये आहे. वॉल्टर वाइल्डिंग कोणता, असं ती तिथल्या नोकराणीला विचारते. बोट दाखवायला मनाई. मग ती नोकराणी ओळीतून चालत जाते आणि जाता जाता एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवते. बाई पाहते. पुढे काही दिवसांनी ती त्या मुलाला आपला मुलगा म्हणून घरी घेऊन जाते.

मुलगा चुकीचा असतो. हे कळतं 1861 मध्ये. वाइल्डिंग आता पंचवीस वर्षांचा आहे, लंडनच्या सिटीत त्याची दारूची मोठी पेढी आहे, नुकतीच त्याची आई वारली आहे. भोळा, भावुक माणूस. सगळ्या नोकरांनी एका छपराखाली राहावं, एका टेबलाशी जेवावं, असा त्याचा बेत आहे. त्यासाठी घर सांभाळणारी बाई हवी म्हणून तो मिसेस गोल्डस्ट्रॉला बोलावतो. ती म्हणजेच ती जुनी सॅली. भिंतीवर आईची तसबीर असते. ती पाहून सॅलीचा चेहरा उतरतो आणि वाइल्डिंग खोदून खोदून विचारत राहतो. अखेर तिला सांगावं लागतं. त्या बाईचं खरं बाळ अगदी लहानपणीच कुणीतरी दत्तक नेलं होतं. नाव रिकामं झालं, म्हणून ते नंतर आलेल्या दुसऱ्या बाळाला दिलं गेलं. ते दुसरं बाळ म्हणजे तुम्ही.

आता यात दोष कुणाचा? सॅलीनं एका आईवर दया केली. नोकराणीनंही दयाच केली. दत्तक नेणाऱ्या बाईनं एका मुलाला घर दिलं. रजिस्टर ठेवणाऱ्यानं एक नाव पुन्हा वापरलं, त्यात त्याला काही वावगं वाटलं नसणार. सगळ्यांचा हेतू चांगला, आणि तरीही एक माणूस आपल्या आईला, घराला, पैशाला मुकला. कादंबरीतला हा भाग मला फार मोठा वाटतो. रहस्यकथा वाचताना आपण गुन्हेगार शोधायला बसतो, इथं शोध घ्यावा तर प्रत्येक टप्प्यावर कुणाचा तरी चांगुलपणाच हाती लागतो.

पण वाइल्डिंगला ‘दोष कुणाचाच नाही’ हे उत्तर पुरत नाही. तो म्हणतो, मी दुसऱ्याची जागा बळकावली आहे. त्याचे वकील बिंट्री व्यवहारी आहेत, ते त्याला सबुरीचा सल्ला देतात. खरा वारस शोधायचाच, असा वाइल्डिंगचा हट्ट. शोध सुरू होतो आणि प्रत्येक धागा तुटतो. दत्तक नेणाऱ्या बाईचा पत्ता सापडतो, बाई तिथून केव्हाच गेलेली. तिची शिफारस करणारे पाद्री वारलेले. सगळीकडे तीच पाटी: पुढे रस्ता नाही. वाइल्डिंग झुरत जातो. त्याला आधीच भोवळ येण्याचा त्रास होता, अंगणातल्या पंपाखाली डोकं धरून तो ती उतरवायचा. आता तो अंथरूण धरतो. मृत्युपत्रात लिहितो की ही मालमत्ता खऱ्या वॉल्टर वाइल्डिंगची आहे. दोन वर्षांत तो सापडला नाही, तर सगळं बालगृहाला जावं. आणि शोधाची जबाबदारी तो ज्यांच्यावर सोपवतो, त्यांतला एक त्याचा तरुण भागीदार जॉर्ज व्हेंडेल.

तो व्हेंडेलच खरा वारस आहे. ज्याला शोधता शोधता वाइल्डिंग मेला, तो रोज त्याच्यासमोर बसून हिशेबाच्या वह्या पाहत होता.

उरलेली कादंबरी व्हेंडेलची. त्याचं मार्गरिट या स्विस मुलीवर प्रेम आहे आणि तिचा पालक जूल्स ओबेनरायझर या गोष्टीतला खलनायक आहे. स्वित्झर्लंडमधल्या नोशातेलच्या एका पेढीला व्हेंडेलनं पाठवलेले पाचशे पौंड खोट्या पावतीवर कुणीतरी लांबवलेत. पेढी ती खोटी पावतीच मागवते. ती घेऊन व्हेंडेल हिवाळ्यात आल्प्स ओलांडायला निघतो आणि सोबतीला येतो पावती खोटी करणारा ओबेनरायझरच. सिंप्लॉन घाटात बर्फाचं वादळ, अफूची गुंगी, दरीच्या काठावरची झटापट. हा भाग थरारक आहे, त्याबद्दल जास्त बोलत नाही. एवढंच सांगतो की मार्गरिट स्वतः दोराला बांधून घेऊन दरीत उतरते. त्या काळच्या नायिकांना लेखक सहसा असली कामं देत नसत.

ओबेनरायझरबद्दल मात्र बोलायला हवं. डोंगरातल्या दरिद्री झोपडीत उपाशी, मार खात त्याचं लहानपण गेलं. ती जखम तो कधी विसरत नाही आणि तिच्या जोरावर स्वतःला सगळं माफ करून टाकतो. पकडला गेल्यावरही तो पश्चात्ताप करत नाही. हाती एकच शस्त्र उरलेलं असतं: व्हेंडेल हा बालगृहातला, बापाचं नाव नसलेला मुलगा आहे, हे सिद्ध करणारा कागद. मार्गरिटचं लग्न मोडावं म्हणून तो कागद सगळ्यांसमोर ठेवतो. आणि नेमक्या त्याच कागदानं व्हेंडेलला त्याची आई, त्याचं नाव आणि त्याची मालमत्ता मिळते. वाइल्डिंगचं अपुरं राहिलेलं काम त्याच्या मित्राच्या शत्रूकडून, तेही द्वेषापोटी, पुरं होतं. कथानकाची एवढी सुंदर गाठ मी रहस्यकथांमध्ये क्वचितच पाहिली आहे.

त्यानंतरचा शेवट मात्र मला पटत नाही. ओबेनरायझर हिमलोटाखाली सापडून मरतो आणि लग्न लावून मंडळी चर्चमधून बाहेर पडतात तेव्हा त्याचं प्रेत डोंगरावरून खाली आणलं जात असतं. व्हेंडेल नवरीला तिकडे वळून पाहू देत नाही. प्रसंग जबरदस्त आहे, पण बर्फानं माणूस मारला की लेखकाची सुटका होते. या माणसाला आत काही टोचलं का, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

कॉलिन्सच्या मनात तो प्रश्न शिल्लक असावा असं मला वाटतं. अवघ्या काही दिवसांनी, जानेवारी 1868 मध्ये, त्याच साप्ताहिकात त्याची ‘द मूनस्टोन’ सुरू झाली. भारतातून लुटून नेलेल्या हिऱ्याची गोष्ट. तिथंही अफू आहे. तिथला फ्रँकलिन ब्लेक अफूच्या अमलात हिरा उचलतो, सकाळी त्याला काही आठवत नाही, आणि तो स्वतःच चोराच्या मागावर निघतो. नकळत घडलेल्याची जबाबदारी कुणी घ्यायची? वाइल्डिंगचाच प्रश्न पुन्हा, फक्त या वेळी लेखकानं नायकाला उत्तर शोधायला जिवंत ठेवलं.

वाइल्डिंगला इतक्या लवकर मारायला नको होतं, असं मला नेहमी वाटतं. त्याचं खरं दुःख पैशाचं नाहीच. पैसे परत करता येतात. त्यानं ज्या बाईला आई म्हणून जीव लावला, जिच्या तसबिरीशी तो मनातलं बोलायचा, तिच्यासाठी रडायचाही आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटू लागतं. मिळालेली माया परत कशी करणार? इतक्या वर्षांचं प्रेम कोणत्या मृत्युपत्रात लिहिणार?

पुस्तक हाती आलं, तर पहिला अंक सावकाश वाचा. वाइल्डिंग बिंट्रींशी वाद घालतो ती पानं पुन्हा वाचा. त्याचं म्हणणं तुला पटतं का, असं मला विचाराल, तर पैशाबद्दल पूर्ण पटतं. आईबद्दल नाही. त्या बाईनं बालगृहातून नेला तो मुलगा चुकीचा असेल, पण त्यानंतर वर्षानुवर्षं तिनं जीव लावला तो याच मुलाला, दुसऱ्या कुणाला नाही. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मिसेस गोल्डस्ट्रॉ सांगू शकली असती, ती शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होती.