राज्यघटना, डहाणू आणि आपली सोसायटी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मला राज्यघटनेवर बोलायला सांगितलंय. घाबरू नका, जेवणाला उशीर करणार नाही!

आपली सोसायटी कशी चालते? सर्वसाधारण सभा ठरवते, कमिटी अंमलात आणते, वाद मिटला नाही तर सहकार न्यायालय आहे. देशातही साधारण तसंच. संसद कायदा करते, सरकार तो राबवते आणि न्यायालय तपासतं. तिन्ही कामं एकाच हातात जाऊ नयेत, म्हणून ही वाटणी.

आपल्या डहाणूचंच बघा. १९८६ साली संसदेने पर्यावरण संरक्षण कायदा केला. त्याखाली केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. पण कागदावरचं जमिनीवर कोण आणणार? प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली न्यायालयाच्या आदेशावरून सरकारने देखरेखीसाठी प्राधिकरण नेमलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. कायदा संसदेचा, अधिसूचना सरकारची, आदेश न्यायालयाचा. आणि दार ठोठावणारे मात्र नागरिक!

याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला आणि २०२३ साली अटी घालून परवानगी दिली. बंदर हवं की नको, यावर आपल्या घराघरांत दोन मतं आहेत. मी आज त्यात पडत नाही. पण एवढा मोठा निर्णयसुद्धा कुणाच्या एका सहीवर होत नाही, त्याला कारणं द्यावी लागतात, त्याविरुद्ध दाद मागता येते, हे विसरू नका.

शेवटी एक कबुली. मी सेक्रेटरी असताना पाण्याच्या टाकीचा खर्च सभेला न विचारता केला होता. हेतू चांगला होता, काम घाईचं होतं. सभेत एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ठरवणार तुम्ही, खर्च करणार तुम्ही, आणि तपासणारही तुम्हीच का?" तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, त्या दिवशी आमच्यात घटना त्यांनाच जास्त कळली होती.

पुढच्या पंचवीस वर्षांत असं विचारणारं कुणीतरी प्रत्येक सभेत असो. आणि त्यासाठी आधी सभेला या!

जय हिंद, जय महाराष्ट्र!