शस्त्रक्रियेनंतरची दक्षता



पाठीच्या कण्यावर गाठ घेऊन जन्मलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पार पडली, जखम भरली, की संकट टळले असे आई-वडिलांना वाटते. त्याच वेळी आम्हांला सांगावे लागते, की खरी देखरेख आता सुरू होते.

मेंदू व मज्जारज्जूभोवती एक स्वच्छ द्रव सतत फिरत असतो. प्रौढ माणसात तो दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. एका वेळी मात्र साधारण १५० मिलिलिटरच असतो. बाकीचा रक्तात शोषला जातो. गाठ बंद केल्यावर अनेक बालकांत हा निचरा अपुरा पडतो व द्रव मेंदूच्या पोकळ्यांत साचतो. डोके झपाट्याने वाढणे, टाळू फुगणे, उलट्या, नजर खाली झुकणे ही त्याची लक्षणे.

त्वचेखालून पोटापर्यंत नेलेली बारीक नळी, म्हणजे शंट, जादा द्रव वाहून नेते. परंतु ती तुंबू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पुढे बदलावीही लागते. म्हणून देणगीदारांनी पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच पुढील तपासण्यांचा भारही आपला मानावा, ही विनंती.

मातांनो, बाळाच्या डोक्याचा घेर मोजून लिहून ठेवा. लक्षण दिसताच, दिलेल्या तारखेची वाट न पाहता या. उशिराने दृष्टी, बुद्धी, प्रसंगी प्राणही जातो. अकारण मारलेल्या फेरीने काहीच बिघडत नाही.