हरित इमारतीचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 1991 साली 5 लाखांच्या थोडी वर होती; 2011 च्या जनगणनेत ती 17 लाखांपलीकडे गेली. एवढ्या माणसांची घरे आणि पलीकडचे चाकणचे कारखाने कोणत्या मालाने उभे राहिले, हा प्रश्न कामगार चळवळीने क्वचितच विचारला. पर्यावरण हा सुखवस्तूंचा छंद, अशी समजूत चळवळीत रूढ झाली होती.

सिमेंटचेच पाहा. चुनखडी भट्टीत तापविली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधन कितीही स्वच्छ असले तरी तो टळत नाही. जगातील या वायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. म्हणूनच औष्णिक वीजकेंद्रातील राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये वापरणे खरोखर हिताचे आहे. राखेची वीट भाजावी लागत नाही आणि शेतातील सुपीक माती वीटभट्टीत जात नाही. वीजकेंद्राभोवतीच्या 50 किलोमीटरच्या परिसरात विटांसाठी राखेचा वापर केंद्र सरकारने 1999 साली बंधनकारक केला. 2016 साली हे अंतर 300 किलोमीटर झाले. एवढ्या लांबून राख ट्रकने येते, तेव्हा जळणारे डिझेलही हिशेबात धरावयास हवे. जाहिरातीत ते नसते.

‘ग्रीहा’ मानांकन मिळविणाऱ्या इमारतींना महापालिका अधिमूल्यात व मिळकतकरात सवलत देते. धोरण मुळात वाईट नाही. परंतु सवलत पोचते ती बिल्डरापर्यंत आणि सदनिकेच्या मालकापर्यंत. नदीतील वाळूच्या उपशावर निर्बंध आले, तशी क्रश सँडची मागणी वाढली. नदीवरचा भार मोशीसारख्या ठिकाणच्या खाणींवर आणि क्रशरवरील मजुराच्या फुप्फुसांवर आला. दगड फोडणे व त्याचा चुरा करणे ही कामे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या यादीत आहेत. मात्र नोंदणीसाठी 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि तो देणारा ठेकेदार शोधावा लागतो.

याच शहरात कुदळवाडीची भंगार गोदामे होती. जुने लोखंड, पत्रे, लाकूड, प्लॅस्टिक निवडून पुन्हा उपयोगात आणणे, हा तेथील धंदा. भंगार वितळवून पोलाद केले तर खनिजापासून करण्यापेक्षा इंधन पुष्कळ कमी लागते. जालन्याचा सळई-उद्योग बऱ्याच अंशी अशा भंगारावरच वाढला. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील हजारो शेड पाडली. बांधकामे अनधिकृत होती, आगी लागत, इंद्रायणीच्या प्रदूषणाचीही तक्रार होती. हे आक्षेप निराधार नव्हते. पण त्यावर सांडपाण्याची आणि अग्निशमनाची सोय असलेले भूखंड देणे हाही उपाय होता, आणि तो आधी करावयाचा होता. मोशीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सार्वजनिक पैशातून उभा राहू शकतो, तर भंगार निवडणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी जागा का मिळू नये?

सवलतीला दोन अटी जोडणे महापालिकेला अवघड नाही: मोशीच्या प्रकल्पातील मालाचा ठरावीक वाटा, आणि बांधकामावरील तसेच माल पुरविणाऱ्या खाणीवरील प्रत्येक मजुराची मंडळाकडे नोंदणी. कार्यकर्त्यांनी प्रथम माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारावे, की आजवर सवलत मिळालेल्या इमारतींची यादी कोठे आहे, आणि त्यांपैकी किती इमारतींत मोशीचा माल वापरला गेला.