पेशीविभाजन आणि रेट्रोव्हायरस

रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो आपण शिरलेल्या पेशीच्या गुणसूत्रात जोडून टाकतो. ही उलटी नक्कल करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले. पण गुणसूत्रे असतात केंद्रकात, आवरणाच्या आड. तिथे पोचायचे कसे?

उंदरांना ल्युकेमिया करणारा रेट्रोव्हायरस पेशीविभाजनावर अवलंबून असतो. विभाजनाच्या वेळी केंद्रकाचे आवरण विरते, तेव्हाच त्याचा डीएनए गुणसूत्रांपर्यंत पोचतो. एचआयव्ही हाही रेट्रोव्हायरसच, पण त्याला विभाजनासाठी थांबावे लागत नाही. त्याचे आतले कवच आवरणातल्या छिद्रांमधून आत जाते. म्हणून विभाजन न होणाऱ्या मॅक्रोफेज पेशींनाही लागण होते. याच गुणामुळे एचआयव्हीपासून बनवलेले निरुपद्रवी वाहक जनुकोपचारात वापरतात.

एकदा जोडलेल्या विषाणू-डीएनएची पेशीच्या प्रत्येक विभाजनात प्रत निघते. सुप्त एचआयव्ही बाळगणाऱ्या पेशी अशाही वाढतात. एचआयव्हीवरची औषधे (एआरटी) नव्या पेशींची लागण रोखतात, पण हा साठा नष्ट करू शकत नाहीत. म्हणून कळकळीची विनंती : एआरटी उपचार चालू असतील, तर तब्येत उत्तम वाटली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधे थांबवू नका.