निवडुंगाचें राज्य आणि एक अळी

गांवकुसाबाहेरच्या माळावर वाढणारा फड्या निवडुंग महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो या भूमीचा मूळचा रहिवासी नव्हे. त्याचें माहेर अमेरिका खंड. परक्या देशीं गेलेला हा पाहुणा यजमानालाच घराबाहेर कसा काढतो, हें ऑस्ट्रेलियानें अनुभविलें.

१७८८ सालीं आर्थर फिलिप याचीं जहाजें त्या किनाऱ्याला लागलीं, तेव्हां वाटेंत ब्राझीलमध्यें घेतलेला निवडुंग त्यांवर होता. निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यापासून तांबडा रंग निघे, व सैनिकांच्या गणवेशासाठीं त्याला मोठें मोल होतें. रंगाचा धंदा जमला नाहीं. पुढें निवडुंगाच्या इतर जातीहि आल्या व कुंपणांना लागल्या. मायदेशीं त्यांना आवरून धरणारे कीटक तेथें नव्हते. पक्ष्यांनीं बीं पसरविलें, पुरानें तुकडे वाहून नेले. आणि जेथें तुकडा पडे तेथें मूळ धरी. १९२५ च्या सुमारास क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स या प्रांतांतील सुमारें ६ कोटी एकर जमीन निवडुंगानें व्यापली होती. तोडणें, जाळणें, सोमलाचें विष घालणें, सर्व उपाय थकले. जमिनीच्या किंमतीपेक्षां ती मोकळी करण्याचा खर्च अधिक! कित्येक कुटुंबें घरेंदारें टाकून निघून गेलीं.

अखेर १९२५ सालीं अर्जेंटिनांतून कॅक्टोब्लास्टिस नांवाच्या पतंगाचीं अंडीं आणण्यांत आलीं. त्याची अळी निवडुंगाखेरीज दुसऱ्या झाडावर पोसत नाहीं, ही खात्री करून घेऊन १९२६ पासून तीं रानोरान सोडण्यांत आलीं. अळ्यांनीं निवडुंग आंतून पोखरला, आणि १९३३ पर्यंत त्याचीं बहुतेक दाट रानें कोसळलीं. बूनार्गा गांवच्या शेतकऱ्यांनीं तर १९३६ सालीं या किड्याच्या नांवानें सभागृह उभारलें.

परंतु कथा येथें संपत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील यश पाहून १९५७ सालीं हाच पतंग कॅरिबियन बेटांत सोडण्यांत आला. तेथून तो पसरत गेला व १९८९ सालीं अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत आढळला. त्या बाजूला निवडुंग हा घरचाच आहे. शेजारच्या मेक्सिकोंत त्याचीं फळें खातात, कोंवळ्या फडांची भाजी करतात, आणि राष्ट्रध्वजावरहि त्याला स्थान आहे. तेथील शेतकऱ्याला भय वाटतें तें निवडुंगाचें नव्हे, अळीचें. ऑस्ट्रेलियांत जिच्या नांवानें सभागृह उभें राहिलें, तिच्यापासून निवडुंग वांचविण्यासाठीं मेक्सिकोंत पहारे बसले.

झाड तेंच, कीटकहि तोच. फरक केवळ ठिकाणाचा. म्हणून परदेशचें रोप वा किडा आणतांना त्याचा उपयोग काय, एवढेंच विचारून भागत नाहीं. त्याला येथें आवरील कोण, आणि येथून तो जाईल कोठें, हेहि आधींच विचारावें लागतें.