सहीपुरती सभा

पदवीधरांचं अभिनंदन बाईंनी एका वाक्यात उरकलं. बीड जिल्ह्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभाला त्या पाहुण्या होत्या. एकशिक्षकी शाळेत नोकरीला लागून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. भाषण लिहून आणलं होतं, पण पहिलं पान संपायच्या आत कागद टेबलावर गेले आणि बाई शेरेबुकावर आल्या.

हे दुखणं जुनं. चार इयत्ता एका खोलीत, शिक्षक एक. बाईंनी दुसरीची पोरं चौथीतल्या पोरींच्या हवाली केली होती. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग, बाजूला सुटे. वजाबाकीत हातचा घ्यायचा म्हणजे एक ढीग मोडून सुट्यांत मिसळायचा. एक पोरगा ढीग मोडूच देईना; इतक्या मेहनतीने लावलेला! तेव्हा चौथीतल्या पोरीने त्याला विचारलं, दुकानात दहाची नोट मोडतोस ना, मग? नेमके त्याच वेळी साहेब तपासणीला आले. शेरा पडला : ‘वर्गात गोंगाट. शिक्षिकेचे नियंत्रण नाही.’

सभागृहात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. पुढे हेच ‘सहअध्ययन’ म्हणून प्रशिक्षणात शिकवायला आले, तेव्हा हॉलमध्ये आम्हाला मात्र गप्प बसवलं, एवढं बोलून त्या कोसबाडला पोचल्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मोठी मुलं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात भरली. अंगणवाडी आज गावोगाव आहे. कुरणशाळा मात्र पुस्तकात राहिली, ही बाईंची तक्रार. मुलगा शाळेत का येत नाही, याचं उत्तर त्याच्या घरात बसून शोधायचं ही रीतच सुटली म्हणे. आता गैरहजेरीचा रकाना भरला की काम संपतं.

यानंतरचा बराच वेळ ऊसतोडीने घेतला, आणि भाषणातला कसदार भाग तोच होता. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मूल सोबत गेलं की पाच-सहा महिने शाळा बुडाली. ते गावातच आजीआजोबांकडे राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आली. दोन वेळचं जेवण द्यायचं आणि कारभार शाळा व्यवस्थापन समितीने पाहायचा.

बाई विस्तार अधिकारी असताना त्यांच्या बीटमधल्या एका गावात एका वर्षी पैसे रखडले. दुकानदाराने उधारी बंद केली. मुख्याध्यापक स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं लिहीत राहिले. समितीतल्या दोन बाया मात्र परात घेऊन घरोघर फिरल्या. कुणी पायलीभर ज्वारी दिली, कुणी शेंगदाणे. ज्यांच्या घरात काही नव्हतं त्यांनी भाकरी थापायची पाळी घेतली. एका म्हातारीला दिसायचं कमी, पण पिठाला किती पाणी लागतं हे ती हातानेच ओळखायची. रात्री जेवणं झाली की सातवीतली मुलं लहानांकडून वाचून घ्यायची. हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं.

यात नवल काही नाही, बाई म्हणाल्या. सातारा भागात रयतेच्या शाळा अशाच उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहासाठी मुष्टिफंड निघाला, म्हणजे बायांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्रही मोडलं.

मग आवाज चढला. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा. प्रत्यक्षात ठराव आधीच लिहिलेला असतो आणि शिपाई रजिस्टर घेऊन शेताच्या बांधावर जातो. अंगठा घेतला, सभा झाली. ‘सही आणायला जाऊ नका,’ हे वाक्य बाईंनी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतल्या प्राध्यापकांकडे बघून. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याच्या हालचाली झाल्या, तेव्हा पटाचे आकडे सगळ्यांपाशी होते. वाडीवरच्या आयांना ओढ्यापलीकडच्या शाळेबद्दल कुणी विचारलं, हा बाईंचा प्रश्न होता. बाई या मुद्द्यावर थोड्या एकांगी वाटल्या. सहा मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाहीत, हेही खरंच आहे.

सूत्रसंचालकाची चिठ्ठी आली. बाईंनी ती वाचून खिशात घातली आणि समितीची सभा अकराला का ठेवू नये ते सांगायला घेतलं. अकराला बायका खुरपायला गेलेल्या असतात, सभेला आल्या तर रोज बुडतो. सभा रात्री, जेवणं उरकल्यावर, मारुतीच्या पारावर नको, शाळेच्या ओट्यावर ठेवा. पारावर पुरुष बसलेले असले की सुना बोलत नाहीत. आणि रजिस्टर पहिल्या सभेला नेऊच नका.