ठराव आणि वाट : तरुण वाहतूक नियोजकाच्या कार्यक्षेत्राविषयी

वाहतूक नियोजनात ‘पोहोच’ ही संज्ञा मध्यवर्ती मानली जाते. शाळा, दवाखाना, बाजार किंवा कारखाना परवडणाऱ्या खर्चात, वेळेवर आणि जिवाला धोका न होता गाठता येणे, हा तिचा अर्थ होय. रस्ता किती रुंद आणि गाडी किती वेगवान, हे प्रश्न त्यानंतरचे. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरील जागेचे वाटप वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने करावे असे सांगितले, त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली आणि २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. तरीही मध्येच तुटणारे आणि उभ्या वाहनांनी अडलेले सायकलमार्ग पुणेकरांच्या परिचयाचे आहेत. धोरण मंजूर होणे आणि वाट मोकळी होणे यांमध्ये जे अंतर उरते, तेच नियोजकाचे खरे कार्यक्षेत्र होय.

महाडमध्ये हे वेगळे सांगावे लागू नये. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झालेल्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली, महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला, तरी चवदार तळ्याचे पाणी त्यांना मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. मानवी प्रतिष्ठेच्या त्या लढ्याची बरोबरी बसच्या वेळापत्रकाशी करणे अनुचितच ठरेल. तथापि सार्वजनिक गोष्ट केवळ कागदावर खुली असून भागत नाही, हा धडा कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा या गावात अधिक स्पष्टपणे मिळतो.

नियोजनाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाची उन्नती आज बहुधा मेट्रो आणि महानगरांच्या प्रकल्पांवरून मोजली जाते. त्याने उमेदीची काही वर्षे महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांना द्यावीत, असा माझा आग्रह आहे. कारण येथे एकच उपाय सर्वत्र लावता येत नाही. सावित्रीच्या खोऱ्यातील सखल भागात, बिरवाडीकडील औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर, सायकल हे कामाचे साधन ठरू शकते. रुंदीकरणाच्या आराखड्यात साइडपट्टी ही उरलेली जागा समजली जाते. सायकलवरून पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराला मात्र तीच संपूर्ण रस्ता असते आणि पावसात तिची कड खचली की त्याला मालट्रकच्या वाटेत उतरावे लागते. पोलादपूरच्या डोंगरउतारावरील वाड्यांना सायकलचा उपयोग थोडा. तेथील आधार म्हणजे मुक्कामी गाडी, अर्थात रात्री गावातच थांबून पहाटे निघणारी एसटी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे पडते, ही मोठीच गोष्ट आहे; पण ज्या दिवशी ती गाडी येत नाही, त्या दिवशी विद्यार्थिनीचा पहिला तास बुडतो आणि सवलत कागदावर राहते.

कोकण रेल्वे महाड शहराला न शिवता वीर स्थानकावरून जाते, त्यामुळे शेवटचा टप्पा मिनिडोअर वा रिक्षावर अवलंबून असतो. त्यात पावसाळ्याची भर पडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, तर जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले आणि तळिये गावावर दरड कोसळली. म्हणून या भागातील आराखड्यात पुलांची नियमित तपासणी, पर्यायी मार्ग आणि घाट बंद असताना चालणाऱ्या फेऱ्या यांना परिशिष्टात नव्हे, पहिल्या प्रकरणात स्थान हवे.

कामाचा आरंभ खर्चिक नाही. एसटीच्या फेऱ्या, वीरच्या रेल्वेगाड्या, कारखान्यांच्या पाळ्या आणि शाळा-महाविद्यालयांच्या वेळा एकाच कागदावर मांडाव्यात, त्या जेथे जुळत नाहीत तेथे खूण करावी आणि तो कागद पावसाळ्यापूर्वी आगारप्रमुख, सार्वजनिक बांधकाम विभाग व ग्रामपंचायती यांच्यासमोर एकाच बैठकीत ठेवावा.